शेगडीचं पुण्य कुणाचं?





या महिन्याच्या चिंतनाचा विषय आपल्याच ग्रुपमधून मिळाला आहे. गुरुपौर्णिमेच्या तयारीची चर्चा चालू असताना एका ताईंनी एक सूचना मांडली. उत्सवाला हैदराबाद, वडोदरा, इंदूर इथून काहीजण विमानाने येतात. दोन-तीन कुटुंबं तर थेट अमेरिकेहून येतात. विमानाच्या धुराने पृथ्वी तापते, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. तेव्हा विमानाने येणाऱ्यांनी प्रत्येकी काही रक्कम बाजूला काढावी, त्यातून खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात गोबरगॅस बांधून द्यावेत. तिकडे जेवढा धूर कमी होईल तेवढा आपल्या प्रवासाचा धूर फिटला, असं समजावं.

सूचना आल्याबरोबर जोडलेल्या हातांचा नुसता पाऊस पडला. एका काकांनी मात्र एकच ओळ लिहिली, "म्हणजे धूर आपण करायचा आणि प्रायश्चित्त दुसऱ्याच्या गोठ्यात?" त्यानंतर दोन दिवस ग्रुप गप्प!

ताईंची तळमळ खरी आहे आणि काकांची शंकाही खरी आहे. म्हणून दोघांचंही नीट ऐकून घेऊ या. दुसऱ्याच्या गोठ्यातल्या गॅसने माझा धूर फिटतो का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आधी गोबरगॅस समजून घेऊ

शहरात वाढलेल्या आपल्या मुला-सुनांसाठी थोडक्यात सांगते. शेण आणि पाणी सारख्या मापाने कालवून बंद टाकीत सोडलं, की हवेशिवाय जगणारे सूक्ष्म जीव ते कुजवतात आणि गॅस तयार होतो. त्यात साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. खेड्यातल्या एका घराला पुरेल असा दोन घनमीटरचा प्लांट चालवायला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं हवीत. टाकीत शेण चाळीस-पन्नास दिवस राहतं. बाहेर पडते ती स्लरी, आणि ती उत्तम खत. म्हणजे एका शेणातून गॅसही मिळतो आणि शेताला खतही.

ही विद्या आपल्याकडे नवीन नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून दिवे लावले होते. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टोपीचा प्लांट घडवला आणि पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तो देशभर नेला. १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचा 'दीनबंधू' नमुना आला. लोखंड गंजायची कटकट गेली आणि खर्चही उतरला.

याने हवा कशी वाचते? गाईने खाल्लेल्या गवताने हवेतलाच कार्बन ओढून घेतलेला असतो. शेणाचा गॅस जाळला की तोच कार्बन परत हवेत जातो, पुढच्या पावसात गवत तो पुन्हा घेतं. जमिनीखालून काढलेल्या सिलिंडरच्या गॅसचं तसं नाही, तो हवेत नव्याने भर घालतो. शिवाय जंगलातलं जळण वाचतं. आमच्याकडे पावसाळ्यात उकिरडा पाण्याने भरतो, पाण्याखाली हवा न लागता शेण कुजलं की मिथेन सुटतो, तोही वाचतो. मिथेन काही साधा नव्हे. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवतो, वीस वर्षांचा धरला तर ८० पटीच्याही वर.

पण दोन गोष्टी लोक सांगायच्या राहून जातात. पहिली, गाईगुरांचा बहुतेक मिथेन शेणातून येतच नाही, तो रवंथ करताना ढेकरांतून येतो. त्याला गोबरगॅस काही करू शकत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. टाकीच्या घुमटाला तडा गेला, पाइप उंदराने कुरतडला, किंवा तयार झालेला गॅस न जाळताच सोडून दिला, तर तो मिथेन सरळ हवेत जातो. म्हणजे नीट न सांभाळलेला गोबरगॅस उपकाराऐवजी अपकार करू शकतो. उद्घाटनाचा फोटो चांगला आला म्हणून काम चांगलं झालं, असं इथे म्हणता येत नाही. रोज सांभाळलं तरच ते काम.

फिटण्याचा हिशोब

"धूर फिटतो" ही कल्पना आपल्या ताईंनी काढलेली नाही. १९९७ च्या क्योटो करारात तिची सोय आहे. कुणीतरी कुठेतरी एक टन कार्बन डायऑक्साइड कमी करावा, त्याचं एक क्रेडिट व्हावं, आणि ज्याला स्वतःचा धूर कमी करता येत नाही त्याने ते विकत घ्यावं. आपल्याच कर्नाटकात, चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात बागेपल्ली आहे. तिथल्या साडेपाच हजार घरांसाठी प्रत्येकी दोन घनमीटरच्या गोबरगॅसचा प्रकल्प २००५ साली या व्यवस्थेत नोंदला गेला. ती घरं कुणा बागायतदारांची नव्हेत, मजुरी करणाऱ्यांची आणि थोड्या जमिनीवर पोट भरणाऱ्यांची. अशा घराला स्वतःच्या पैशाने प्लांट बांधणं कुठलं जमायला? दूरदेशीच्या पैशाने त्यांच्या दारात निळी ज्योत आली. त्यामुळे ही सगळी व्यवस्था म्हणजे फसवणूक, असं मी म्हणणार नाही. ताईंच्या सूचनेतही हेच सामर्थ्य आहे.

आता आपल्या पदरचा हिशोब करू. तो आपल्या गृहिणींच्याच मापाने करू, म्हणजे डोक्यात बसेल.

घरातलं १४.२ किलोचं सिलिंडर पूर्ण जाळलं की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. अमेरिकेची एक जाऊन-येऊन खेप धरली तर विमानातल्या एका माणसाच्या वाट्याला एक टनाहून जास्तच येतो. एक टन म्हणजे चोवीस सिलिंडर. आमच्या घरी वर्षाला आठ लागतात. म्हणजे माझा तीन वर्षांचा स्वयंपाक, सगळ्या दिवाळ्या-गणपतींसकट!

आणि गोठ्याच्या बाजूने? दोन घनमीटरचा प्लांट वर्षभर अगदी पूर्ण ताकदीने चालला तर साधारण तेवीस सिलिंडरांइतका गॅस देतो. म्हणजे सिलिंडर वाचवल्याच्या हिशोबाने जवळजवळ एक टन. त्यासाठी रोज ५० किलोप्रमाणे वर्षाला अठरा टन शेण उचलावं लागतं आणि त्यात तेवढंच पाणी कालवावं लागतं. लाकूड वाचवल्याचा हिशोब वेगळा निघेल, थोडा इकडे-तिकडे होईल. पण ढोबळमानाने पाहिलं तर एका माणसाची एक खेप फेडायला एका बाईचं एक वर्ष जातं.

हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला. कारण आता प्रश्न कार्बनचा राहिला नाही, तो त्या बाईचा झाला.

अक्कांचं म्हणणं

खानापूरकडच्या आमच्या घरी थोरल्या जाऊबाई असतात, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्यांच्या परसात सोळा वर्षांपासून गोबरगॅस आहे आणि अजून चालू आहे. फोनवर मी विचारलं, "अक्का, तुमच्या गॅसने अमेरिकेच्या माणसाचा धूर फिटतो म्हणतात, तुम्हाला काय वाटतं?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "फिटू दे की! पण पाणी कोण वढून वततंय, त्येबी त्या कागदावर लिव्हा म्हणावं."

मग त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं मनात धरून ठेवलं. पहाटे गोठा लोटायचा, शेण कुंडीत घालायचं, त्यातली काडी-खडे निवडायचे, हाताने कालवायचं. चैत्र-वैशाखात विहीर तळाला जाते तेव्हा माणसांना पाणी की टाकीला, असा प्रश्न पडतो. थंडीत गॅस कमी येतो. पाइपात पाणी साचलं की ज्योत फडफडते, मग ते काढायचं. हे सगळं त्या का करतात? "पावसात वल्लं जळण फुंकून डोळं गेलं असतं माजं. आता पोरांची भाकरी येळेवर व्हते. आणि काय पायजे?" असं त्यांचं उत्तर.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी विचारली नव्हती. वरच्या आळीतली एक बाई पूर्वी यांच्या गोठ्यातलं शेण न्यायची आणि शेणी थापून त्यावर चूल पेटवायची. तिच्याकडे जनावर नाही. यांचा प्लांट झाला आणि शेणाला घरातच गिऱ्हाईक मिळालं. तेव्हापासून ती लांब रानात जळणाला जाते. अक्का तिला अडीनडीला धरून असतात, पण तिची चूल अजून धुराचीच आहे. गावात गोबरगॅस आला की ज्याच्या दावणीला गुरं आहेत त्याचं भलं होतं, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं फुकटचं शेणही जातं. आपल्या कुठल्याही हिशोबात ही वरच्या आळीतली बाई येत नाही.

आपलं शास्त्र काय म्हणतं?

कुणी म्हणेल, दुसऱ्याने केलेल्या कर्माचं फळ मला मिळणं आपल्याकडे नवीन आहे का? सत्यनारायणाला, अभिषेकाला गुरुजींना बोलावतो, मंत्र ते म्हणतात, दक्षिणा आपण देतो, फळ यजमानाला. मग गोबरगॅसच्या बाबतीत दक्षिणा देऊन फळ घेतलं तर काय बिघडलं?

शंका बिनतोड आहे, तिला टाळून चालणार नाही. पण पूजेत यजमान काय करतो ते आठवा. तो उपाशी असतो. हातात पाणी घेऊन स्वतः संकल्प सोडतो. पाय दुखले तरी पाटावर बसून राहतो. आणि गुरुजींना माहीत असतं की मी हे यजमानासाठी करतोय, त्याचं नाव-गोत्र ते स्वतः उच्चारतात. अक्का पहाटे शेण कालवतात तेव्हा त्या कुणाचं नाव-गोत्र उच्चारत नाहीत. त्या आपल्या नातवंडांच्या भाकरीसाठी कालवतात. ते फळ त्यांचं आहे. क्रेडिटच्या व्यवस्थेत नियम असा, की एकच टन दोघांनी आपापल्या नावावर मोजायचा नाही. नियम रास्तच आहे. पण त्याचा अर्थ असा होतो, की ते माझ्या नावावर लागलं की वहीतून अक्कांचं नाव गेलं. अठरा टन शेण उचलणारी बाई वहीत कुठेच नाही, आणि विमानात झोपून आलेला माणूस 'निर्धूर' म्हणून नोंदला गेला. अशा वेळी कागदावर त्या बाईची सही असते. पण आपण काय देऊन टाकलं हे तिला कुणी समजावून सांगितलेलं असतं का?

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. आपल्या धर्मशास्त्रात गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थानं सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. त्यांना पंचसूना म्हणतात. किती बारीक विचार बघा! साधं जगायचं म्हटलं तरी चुलीत किडामुंगी जळते, केरसुणीखाली चिरडते. त्यातून सुटका नाही. म्हणून त्यावर पंचमहायज्ञ सांगितले, देवांसाठी, ऋषींसाठी, पितरांसाठी, प्राणिमात्रांसाठी आणि अतिथीसाठी.

म्हणजे 'फेडणं' आपल्या परंपरेत आहेच. चुलीच्या पापाला उपाय सांगणारे आपले पूर्वज कार्बनचा हिशोब ऐकून दचकले नसते. पण त्यांनी घातलेल्या अटी लक्षात घ्यायला हव्यात. जी हिंसा टाळता येत नाही, तिच्यासाठी हा उपाय आहे. हौसेने केलेल्या शिकारीला पंचमहायज्ञ लागू पडत नाहीत. शिवाय तो रोज करायचा, वर्षातून एकदा पैसे भरून मोकळं व्हायचं नाही. आणि करायचा तो आपल्या घरात, आपल्या हाताने. शेजारणीने गाईला घास घातला म्हणून माझ्या घरचा गोग्रास झाला, असं कुणी मानलं नाही.

या अटी लावून पाहिलं की ताईंच्या सूचनेतलं काय टिकतं आणि काय गळतं ते दिसू लागतं.

फिटत नाही, ऋण चढतं

माझ्यापुरतं उत्तर सांगते. अक्कांच्या शेगडीने माझा धूर फिटत नाही, उलट माझ्यावर अक्कांचं ऋण चढतं.

काळाचा हिशोबही हेच सांगतो. विमानातून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं तिथेच राहतो. अक्कांची शेगडी त्यांचे हात चालतात तोवर. उद्या गुरं विकली, विहीर आटली किंवा गुडघे थकले, तर ती बंद. माझा धूर मात्र तसाच वर राहतो. एवढा लांबचा भार दुसरीच्या गुडघ्यांवर टाकून "माझा हिशोब चुकता" म्हणणं मनाला पटत नाही.

मग पैसे द्यायचेच नाहीत का? असं कोण म्हणतं! जरूर द्यायचे. पण पावती म्हणून द्यायचे नाहीत, ऋण मानून द्यायचे. ऋण मानणारा माणूस समोरच्याला विचारतो, "तुला काय हवं?" पावती मागणारा विचारतो, "किती टन झाले?" दोन प्रश्नांतून दोन वेगळी कामं उभी राहतात.

इथे काकांच्या बाजूच्या मंडळींनाही एक प्रश्न विचारायला हवा, कारण तो मलाही सुटलेला नाही. "फिटतं" असं सांगितलं तर लोक मोकळ्या हाताने देतात. "फिटत नाही, तरी द्या" म्हटलं तर निम्मे हात मागे जातील. मग चार शेगड्यांऐवजी दोनच लागतील. आपलं मन शुद्ध राहावं म्हणून दोन बायकांनी धुरात बसायचं का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पुष्कळ विचार करून मी इथवर आले. कुणी कुठल्याही भावनेने पैसे दिले तर ते नाकारू नयेत. शेगडी पेटवणारीला देणाऱ्याच्या भावनेने काही फरक पडत नाही, ज्योत तेवढीच निळी असते. पण आपण सेवेकऱ्यांनी मात्र कुणालाही "तुमचं फिटलं" असं सांगू नये. कारण ज्याला फिटलं असं वाटतं, तो पुढच्या वेळी जास्त निर्धास्तपणे तिकीट काढतो. एक शेगडी लावून दोन खेपा वाढल्या, तर आपल्या सेवेने धूर वाढवला असं होईल. दान घेताना खोटं आश्वासन द्यायचं नाही, एवढं पथ्य आपल्याला पाळता येईल.

मग करायचं काय?

ताईंच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे, पण थोड्या बदलांसह. ग्रुपपुढे ठेवते, आपण सर्वांनी मिळून ठरवावं.

पहिलं, निधी जमा करावा, पण त्याला प्रवासाचं नाव देऊ नये. नुसता गोठा-सेवा निधी म्हणावं. विमानाने येणाऱ्यांनीच द्यावा असंही नको, बसने येणाऱ्यानेही द्यावा. खेड्यातल्या बाईच्या डोळ्यांतला धूर जाणं ही सगळ्यांचीच इच्छा असायला हवी.

दुसरं, बांधकामाइतकीच रक्कम सांभाळण्यासाठी बाजूला ठेवावी. तडा बुजवणारा गवंडी, नवा पाइप, नवा बर्नर, यासाठी पुढची दहा वर्षं कुणीतरी फोन उचलणारा हवा. कमी प्लांट बांधू, पण बंद पडलेला एकही नको. गळणारा प्लांट काय करतो ते वर पाहिलंच.

तिसरं, बांधण्यापूर्वी घरातल्या बाईला विचारावं. पुरुषमंडळी अंगणात बसून 'हो' म्हणतात आणि शेण कालवायला ती एकटी उरते. वैशाखात पाण्याचं काय? जनावरं वर्षभर घरी असतात की रानात चरायला सोडतात? घरातला कोण-कोण हात लावणार? ती 'नको' म्हणाली तर तिचं 'नको' मानावं.

चौथं, त्या वरच्या आळीतल्या बाईला विसरू नये. ज्या गावात आपण गोबरगॅस देऊ, तिथे गुरं नसलेल्या घरांसाठी कमी धुराची चूल किंवा सिलिंडर भरायला मदत, असं काहीतरी त्याच वेळी करावं. हे जमणार नसेल तर गावच छोटं निवडावं.

आणि पाचवं, आपला स्वतःचा यज्ञ. आजारी माणूस, म्हातारी आई, थोडक्या रजेवर लेकराला घेऊन येणारी लेक यांनी विमानाने यावं, मनात अपराध बाळगू नये. ते अपरिहार्य आहे. पण ज्यांना सवड आहे त्यांनी रेल्वेने यावं. एका गावचे चार लोक चार गाड्या काढतात, त्यांनी एकच काढावी. परदेशच्या साधकांनी दरवर्षी आठ दिवसांसाठी येण्यापेक्षा दोन वर्षांनी एकदा महिनाभर येऊन सेवेला राहावं. गुरुमाऊलीच्या दर्शनाची ओढ मोठी आहे हे मी जाणते, मी काही कुणाला अडवत नाही. ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं, यातलं टाळता न येणारं किती आणि सोयीचं किती?

शहरातल्या मंडळींनी "आमच्याकडे कुठला गोठा" असंही म्हणू नये. इंदूरच्या साधकांना तर सांगायलाच नको. तिथे १९ फेब्रुवारी २०२२ पासून रोज ५५० टन ओला कचरा पचवू शकणारा मोठा प्रकल्प आहे आणि त्या गॅसवर शहराच्या बस धावतात. तो चालतो कशावर? घराघरांतल्या बायका रोज ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवतात म्हणून. ग्वाल्हेरच्या मंडळींना लाल टिपाराची गोशाळा माहीत आहे. तिथे २ ऑक्टोबर २०२४ ला रोज शंभर टन शेणाचा गॅस प्रकल्प सुरू झाला. गोशाळेला नुसती देणगी देऊन परतण्याऐवजी एखादा दिवस तिथे शेण उचलायला जावं. अठरा टन म्हणजे काय ते हाताला कळेल. बेळगाव-गोव्याकडच्या आपल्यासारख्यांच्या घरी निदान भाजीचे देठ, फळांच्या साली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गटारात जाऊ नयेत, एवढं तर होईल?

हे सगळं केलं तरी हिशोब पूर्ण जुळेल असं नाही. थोडा धूर आपल्या नावावर राहीलच. तो राहू द्यावा, असं मला वाटतं. देवापुढे बसताना आपल्या नावावर काही बाकी आहे याची जाणीव असलेला माणूस हात जोडताना जरा जास्त वाकतो. आणि कुणाचं ऋण आहे हे माहीत असलं, की त्या माणसाची आठवण राहते. वैशाखात बेळगावात नळाला पाणी आलं की मला आता अक्कांची विहीर आठवते. ही आठवण कुठल्याही पावतीने मिळाली नसती.

येत्या रविवारी कुटुंबाच्या साप्ताहिक उपासनेनंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून या तीन प्रश्नांवर बोलावं, लहान मुलांनाही बोलू द्यावं:

१. आपल्या घरातला कोणता धूर टाळता येत नाही आणि कोणता नुसता सोयीचा आहे?

२. आपल्या सुखासाठी रोज पहाटे कोण उठतं? त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत का?

३. गोठा-सेवा निधीबद्दल आपल्या घराचं मत काय? हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. कारणासह ग्रुपवर कळवावं.

ताईंनी सूचना मांडली आणि काकांनी शंका काढली म्हणून एवढा विचार झाला. दोघांनाही मनःपूर्वक नमस्कार. या लेखात कुणाच्या भावनेला धक्का लागला असेल तर तो लेखणीचा दोष समजून उदार मनाने सोडून द्यावा.

सर्वांच्या चुली निर्धूर राहोत, सर्वांची मनं निर्मळ राहोत, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

आपली,
एक सेविका, बेळगाव